शालीनंतरची व्युत्पत्ती

२३ ऑगस्ट, सकाळी
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. एक : ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या गणेश मंडळाने यंदा प्रथमच माझे व्याख्यान ठेवले आहे. दोन : विषय, ‘रोजच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा’. तीन : रायपुरात या विषयाचा दुसरा अधिकारी मनुष्य नाही. चार : श्रोत्यांना पटले, तर दर वर्षीचे व्याख्यान माझेच. पाच : संपदा म्हणते, महाप्रसादाच्या दिवशी लोक जेवायला येतात, ऐकायला नाही. पत्नीचे मत म्हणून केवळ नोंद.

२६ ऑगस्ट
मसुदा निर्दोष झाला. ‘मसल’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखे दिसते. गणेशोत्सवास याहून समर्पक शब्द कोणता? ‘मंगूज’ तर आपल्या मुंगसावरूनच गेला. येथे टाळ्यांसाठी थांबायचे.

२९ ऑगस्ट
मंडळाच्या सचिव चित्राताई यांचा फोन. त्यांची प्रथा : आधी व्याख्यान, मग शाल-श्रीफळ. मी साफ नकार दिला. वक्त्याची योग्यता श्रोत्यांस आधी कळली पाहिजे. त्या म्हणाल्या, सर, आपल्याकडे शाल झाली का लोक उठतेत, काहून बदलून राहिले? मी म्हणालो, श्रोत्यांना शिस्त लावावी लागते. हव सर, म्हणाल्या. तत्त्वाचा विजय.

३१ ऑगस्ट, दुपारी
शाल पांघरली. टाळ्या. मी आरंभ केला : ‘कंपनी’ म्हणजे मुळात सोबत भाकरी खाणारे. त्यातील ‘भाकरी’ तेवढी मागच्या रांगेपर्यंत पोचली असावी. कोषाध्यक्ष भास्करराव ओरडले, चला भैया, पंगत बसून राहिली. सभागृह रिकामे झाले. रांगेने, हे मान्य केले पाहिजे. संपदा एकटी उरली, मांडीवर माझे श्रीफळ. ‘मसल’पाशी आलो तेव्हा तिने विचारले, कढी संपली तर चालेल का? तत्त्व म्हणून शेवटपर्यंत वाचले. मुंगसापाशी थांबलोही.
कढी संपली होती.

१ सप्टेंबर
चित्राताईंचा फोन. म्हणाल्या, सर, तुमचं व्याख्यान सगळ्यांले खूप आवडलं. भास्करराव तर म्हणून राहिले, एवढा शिकलेला माणूस, पण एका वाक्यात आटोपलं; दर वर्षी यांनाच बोलवा.
निमंत्रण माझ्या योग्यतेस साजेसेच आहे. तथापि स्वीकारण्यापूर्वी मंडळास पत्र धाडत आहे : व्याख्यानातील नेमका कोणता शब्द आवडला, ते प्रत्येक सभासदाने कारणासह लेखी कळवावे. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.