दानपेटीतलं मत

डंडी, स्कॉटलंड
४ जुलै २००४

ती. दादास,
स्वप्नालीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तू मध्येच रिसीव्हर आपटतोस, म्हणून हे पत्र. पत्र कितीही आपट, मजकूर तसाच राहील.

मी बरी आहे. वृद्धाश्रमातली नर्सची ड्युटी चालू आहे, म्हाताऱ्या आता माझं नाव नीट घेतात. स्कॉटलंड वेगळा देश करा म्हणणाऱ्या पक्षाची मी सभासद झाले हे तुला सांगितलं होतं आणि तू हसला होतास. तर त्या पक्षाच्या नेत्याने गेल्या महिन्यात राजीनामा दिला. निवडणुकीत मतं घटली आणि घरच्याच लोकांनी कुरबुर करून त्याला धड बसू दिलं नाही. रोज पेपरात एक नेता दुसऱ्याला टोचतो आणि शेवटी दोघेही म्हणतात की पक्ष एकसंध आहे. वाचताना मला बदलापूरला असल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की इथे भांडणाला शेवट असतो. प्रत्येक सभासदाच्या घरी मतपत्रिका येते. काल-परवा पक्षात आलेल्या माझ्या मताला जेवढी किंमत, तेवढीच खासदाराच्या मताला.

तुमच्या भांडणाला शेवट आहे का? आकाशचा फोन आला होता. आपला मावसभाऊ असला तरी सांगताना त्याला लाज वाटत होती. यंदा जयंतीला तुझ्या गटाची मिरवणूक वेगळी, दौलतकाकांची वेगळी, आणि दोन्ही हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर समोरासमोर आल्या. कुणी मागे हटेना. बाबासाहेबांच्या दोन तसबिरी एकमेकींसमोर आणि मधे पोलीस! दादा, काका आपल्या बाबांचे सख्खे भाऊ आहेत. बाबा गेल्यावर तुला अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनीच चिकटवलं. आता म्हणे आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव होणार आणि तू पायलवहिनींना उभं करणार, काका त्यांच्या सुनेला, तेजस्वीला. मतं फुटतील आणि पेढे तिसराच वाटेल. एवढंही तुम्हाला कळत नाही?

आणि आई वेणूकाकींकडे जाते की नाही, ते खरं लिही. त्या जावा सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त राहिल्या आहेत. काकी अंथरुणाला खिळल्यात असं ऐकते.

वहिनींना माझा जय भीम सांग. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
स्वप्नाली


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१ ऑगस्ट २००४

चि. स्वप्नालीस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण मिळालं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी तुझी गत. गोऱ्यांच्या पक्षात जाऊन वर्ष झालं नाही तोच बाईसाहेब आम्हाला ऐक्य शिकवायला निघाल्या. ऐक्य आम्ही तुझ्या जन्माआधीपासून करतोय. मी शाळेत असल्यापासून किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. दर वेळी हार, दर वेळी हात उंचावून फोटो, आणि फोटो धुऊन यायच्या आत फूट.

गेल्या खेपेला काय झालं ते आकाशने सांगितलं नसेल. ऐक्याचा बॅनर करायला काका उल्हासनगरच्या सिंधी बॅनरवाल्याकडे गेले. बॅनर आला. त्यावर काकांचं तोंड परातीएवढं आणि माझं टिकलीएवढं, तेही कोपऱ्यात, बांबू बांधायच्या भोकाजवळ. बांबू बांधल्यावर माझा एक कान गेला. मी त्याच बॅनरवाल्याकडे गेलो आणि वेगळा बॅनर टाकला. तो म्हणाला, साहेब, बाबासाहेब तेच ठेवू ना? आणि ऐक्याचा विजय असो हेही तेच? फक्त तोंडं बदलून देतो, स्वस्तात पडेल. हा धंदा तो दोन्हीकडून करतो आणि आपल्याला हसतो. याला जबाबदार मी की काका?

काकांनी नोकरी लावली हे मला माहीत आहे. ते दर सभेत माईकवरून सांगतात, त्यामुळे विसरायची सोय नाही. त्या उपकारापोटी जन्मभर त्यांच्या सतरंज्या उचलायच्या का? माझ्यामागे पोरं आहेत, कारखान्यातली माणसं आहेत.

आईला मी अडवलेलं नाही. ती आपणहून जात नाही. गल्लीत लोक बघतात, एवढंच मी तिला म्हणालो होतो.

प्रकृतीला जप आणि म्हाताऱ्यांची सेवा कर, ते काम तुला जमतं.

तुझा,
मिलिंददादा


डंडी
१९ सप्टेंबर २००४

ती. दादास,
स्वप्नालीचा जय भीम. वि. वि.

गल्लीत लोक बघतात असं म्हणणं म्हणजे अडवणं नाही, तर मग दाराला कुलूप लावणं म्हणजे काय? मला तुझी लाज वाटते. हे मी मोठ्या भावाला लिहिते आहे आणि शुद्धीवर राहून लिहिते आहे.

इथला निकाल लागला. आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी जीन, जिने मला पक्षात आणलं, तिचा उमेदवार पडला. जो जिंकला तो तिला डोळ्यांसमोरही नको होता. सगळा उन्हाळा ती त्याच्या नावाने बोटं मोडत होती. निकालानंतरच्या शनिवारी मी पक्षाच्या शाखेत गेले तर ही बाई जिंकलेल्याचीच पत्रकं घड्या घालत बसलेली. घड्या घालताना तोंडाने शिव्या चालू. मी विचारलं की हे कसं काय. ती म्हणाली, रडायला घर आहे, शाखेत पत्रकं वाटायची. दादा, इथले लोक काही साधुसंत नाहीत. एकमेकांना पाण्यात बघतात. पण लिफाफा बंद झाला की बंद झाला.

तुम्हाला हे का जमू नये? विहारात वंदनेनंतर वॉर्डातल्या आपल्या सगळ्या माणसांचं मत घ्या. वहिनी की तेजस्वी, लोक ठरवतील. जी हरेल तिच्या घरच्यांनी जिंकलेलीचा प्रचार करायचा. पण तुझी छाती होणार नाही. तुला आणि काकांना ऐक्य नको, ऐक्याचा बॅनर हवा.

वहिनींना जय भीम सांग. आईला नमस्कार, आणि ती काकींकडे गेली की मला कळव.

स्वप्नाली


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
२० फेब्रुवारी २००५

स्वप्नालीस,
जय भीम.

झालं तुझं समाधान? माझी छाती होणार नाही म्हणालीस म्हणून हे सगळं केलं. आता ऐक.

काका आधी फुरफुरले, मग त्यांनाही वाटलं की आपणच जिंकू, आणि तयार झाले. मतदानाच्या चिठ्ठीचा रंग कोणता यावरून तीन बैठका झाल्या, कारण निळी चिठ्ठी दोघांनाही हवी. शेवटी भंतेजी चिडले आणि दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या केल्या. पायलची गोल खुणेची, तेजस्वीची त्रिकोणाची. विहारातली दानपेटी रिकामी करून तिचीच मतपेटी केली. पडद्याआड जायचं, हवी ती चिठ्ठी पेटीत टाकायची, दुसरी मडक्यात फाडून टाकायची. भंतेजींनी सगळ्यांसमोर मोजलं. आपण एका मताने हरलो. एका!

ते एक मत कुणाचं, हे मला विहारातच कळलं. सगळ्यांसमोर मी आईला विचारलं की तू गोल टाकलास ना. तिने सांगितलं नाही. पुन्हा विचारलं, तर म्हणाली की बाबासाहेबांनी मत दिलं ते टाकायला दिलं, दाखवायला नाही, आणि मुलालाही सांगणार नाही. यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे? वेणूकाकीच्या मायेपायी तिने पोटच्या पोराला पाडलं. घरी आल्यावर मी बोलायचं ते बोललो. संध्याकाळी तिने लुगडी पिशवीत भरली आणि काकांच्या घरी गेली. मी हाकललं नाही, ती गेली. आता गल्लीत ज्याला त्याला विषय झाला आहे.

मी हा निकाल मानत नाही. पायलचा अर्ज मी अपक्ष म्हणून भरणार. काका पडले तरी चालेल, मीही पडलो तरी चालेल. हे तुझ्या जीनला वाचून दाखव आणि तिला म्हणावं, घरं मोडायची असली तर बदलापुरात ये.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

मिलिंद


डंडी
६ मार्च २००५

दादा,

नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं. हरलास म्हणून दानपेटी वाकडी, भंतेजी वाकडे, आई वाकडी. भर विहारात आईला मत विचारताना तुझी जीभ कशी झडली नाही? तिने कुणालाही टाकलं असेल. ती तुझी आई आहे, तुझ्या गटाची कार्यकर्ती नव्हे.

अर्ज भरलास तर आपलं नातं संपलं असं समज. आईला घरी आण. पाया पडून आण.

वहिनींना जय भीम सांग.

स्वप्नाली


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१९ मार्च २००५

आदरणीय स्वप्नालीताईंस,
पायलचा जय भीम. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. मला कुणी लिही म्हटलं नाही. ह्यांना आलेली तुमची पत्रं कपाटावर होती, ती काल सगळी वाचली. ते योग्य केलं की अयोग्य, मला ठाऊक नाही. पण तीन पत्रांत मला तीन जय भीम होते, ते एकदमच मिळाले. ह्यांनी एकही पोचवला नव्हता.

रागावू नका, पण तुमच्याशीही माझं भांडण आहे. पायल की तेजस्वी, लोक ठरवतील, असं तुम्ही लिहिलंत. पायलला उभं राहायचं आहे का, हे तुमच्याही मनात आलं नाही. ह्यांच्या तर नाहीच नाही. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जाते. शिवणीत दोष दिसला की तो पीस मी बाजूला काढते, शेठ समोर उभा असला तरी. घरात मात्र वर्षभर गप्प बसले. मी निवडून आले असते तर नगरपालिकेत सही माझी आणि खुर्ची ह्यांची, हे वॉर्डातलं शेंबडं पोरही जाणतं. तेजस्वीचं तसं नाही. मागच्या उन्हाळ्यात जांभूळच्या जलशुद्धी केंद्रातून पाणी येईना तेव्हा रिकामे हंडे घेऊन बायकांचा मोर्चा तिने नेला. दोन्ही गटांच्या बायका होत्या, मीही होते. सासऱ्यांना न विचारता नेला म्हणून दौलतकाका तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. ती खुर्चीत स्वतः बसेल.

तर आता सांगते. पडद्याआड मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या. माझ्या नावाची मी फाडली आणि मडक्यात टाकली. पेटीत त्रिकोण टाकला.

मला वाटलं होतं की आम्ही चांगल्या मतांनी हरू आणि कुणाला काही कळणार नाही. एकाच मताचा फरक निघेल हे कुणी धरलं होतं? हे आईंवर तुटून पडले तेव्हा मी तिथेच उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. आई पिशवी भरत होत्या तेव्हाही नाही. याचं मला फार वाईट वाटतं, ताई. आईंनी कुणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

आज सकाळी हे माझा अर्ज घेऊन आले, सही कर म्हणाले. मी सही केली नाही आणि माझं मत सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. फक्त म्हणाले की मग आईचं काय. मी म्हटलं की जा आणि त्यांना घरी चल म्हणा, आणि तोंडातून मताचा शब्द काढू नका. ते खाटेवर बसून चपला घालत होते आणि काढत होते. मी जास्त थांबले नाही.

हे पत्र मी काकांच्या घरून लिहिते आहे. वेणूकाकींना आई पेज भरवत आहेत. दौलतकाकांनी मला दारात बघितलं, ह्यांनी पाठवलं का म्हणून विचारलं, आणि नाही म्हटल्यावर पेपर तोंडापुढे धरला. तेही काही ऐक्याने भारावलेले नाहीत. उद्या तेजस्वीचा अर्ज भरायचा आहे. सूचक म्हणून मी सही करणार आहे. ती मात्र मी आनंदाने करेन.

ह्यांची वाट बघतो आहोत. अजून आलेले नाहीत.

तुमच्या तीन जय भीमांचं उत्तर राहिलं होतं, ते या पत्रात एकदम पाठवते. पुढचा माझ्या नावाने पाठवा.

तुमची वहिनी,
पायल