त्यांच्यासारखं अक्षर

३ तारीख, सोमवार
आले एकदाची मावशीकडे! शाळा सोडल्यापासून घरी उठता-बसता टोमणे. इथे स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल! खोली मावशीच्या सासूबाईंची, त्या गेल्या महिन्यात वारल्या. मावशीचे यजमान, म्हणजे काका, फार मायाळू. आईला दूध रोज स्वतःच्या हाताने द्यायचे म्हणे, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून ही वही.

५, बुधवार
काकांची बहीण येऊन कडाकडा भांडली. आईने घर मला लिहून दिलंय, फोनवर सांगितलं होतं तिने, कागद कुठे दडवलास म्हणाली. काका म्हणाले, असला कागदच नाही, स्वप्न पडलं असेल तुला. मावशीने चहा विचारला तर म्हणाली, वहिनी, तुमचा चहा तुम्हालाच लखलाभ. जाताना माझ्याकडे बघून, ही कोण आणखी नवीन वाटेकरीण? मी दाराआड.

८, शनिवार
काकांनी सासूबाईंची जुनी पत्रं दिली. वर पातळ कागद ठेवून रोज दहा पानं गिरव, अक्षर सुधारेल म्हणाले. हुशार आहेस म्हणाले. मला! आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

१५, शनिवार
हुबेहूब जमतं आता. म्हणून आज काकांनी मृत्युपत्र लिहायला बसवलं. आईची इच्छा हीच होती, लिहायचं तेवढं राहिलं म्हणे. मी बावळट असेन, इतकी नाही. पण नाही म्हटलं तर उद्याच्या गाडीने परत घरी. लिहिलं. घर मुलाला द्यावं.
वाचलं तर कागदावर भलतंच. घर लेकीला द्यावं. मुलाला काही देऊ नये.

१६
चार कागद फाडले. चारही वेळा तेच. काका म्हणाले, शाळेत काय दिवे लावले असतील ते कळलं. मुद्दाम नाही करत मी. हात थंडगार पडतो, मग माझा राहतच नाही—

१७
आज पेन धरायचं नाही ठरवलेलं. तरी दुपारी पानभर मजकूर, सासूबाईंच्या अक्षरात. खाली एकच ओळ पुन्हा पुन्हा. दूध कडू होतं. दूध कडू होतं. दूध—
पान काकांच्या बहिणीला द्यायचं. फक्त तोंड उघडता आलं पाहिजे.

१८
पान काकांना सापडलं. ओरडले नाहीत. डोक्यावरून हात फिरवला. दमलीस पोरी, दूध आणतो म्हणाले. मावशी बाहेर गेलीय. दाराला बाहेरून कडी—
जिन्यात पावलं— हात थंड—
पोरी, मी सांगते ते ऐक. तो गोड बोलेल. समोर बसून राहील ग्लास रिकामा होईपर्यंत. मीही लेकरू म्हणून विश्वास ठेवला. तू ते पिऊ न