शेंगेची यौवनलोपी

४ फेब्रुवारी

आधी हजेरी. वसतिगृहातली नोकरी सुटली, सवय सुटत नाही.

हे कसे आहेत? गुडघा कुरकुरतो, जीभ ठणठणीत. धाकटी बहीण? थायरॉइडची गोळी चालू, सल्ले त्याहून जोरात. जावई? शिंकतोय, म्हणून बाहेरच्या खोलीत रवानगी. लेक? विचारलं की "मी बरी आहे" म्हणते आणि तोंड फिरवते. आणि आमची शेंग, लेकीची लेक? जन्मली तेव्हा भुईमुगाच्या शेंगेएवढी दिसली, म्हणून हे नाव. दूध पिता पिता दमते. ओठ निळसर होतात. हृदयात भोक आहे, शिवाय एक मोठी नळी भलतीकडेच जोडलेली. ऑपरेशन मार्चच्या सुरुवातीला.

माझी हजेरी कोण घेणार? मी हजर आहे.

७ फेब्रुवारी

आज ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयाने लेकीएवढ्याच. टेबलावर रबराचं हृदय, शेजारी बिस्किटाचा पुडा. आम्हाला बिस्किटं देऊनच बोलायला लागल्या.

हृदयाचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या की वाटेत थायमस नावाची ग्रंथी आहे. बाळाच्या छातीत ती हृदयावर पांघरुणासारखी पसरलेली असते. ती बाजूला काढल्याशिवाय हृदयापर्यंत पोचता येत नाही. लेकीने मान हलवली. मला मात्र ते पांघरूण डोळ्यांपुढून जाईना.

८ फेब्रुवारी

धाकटीने सगळ्या नातलगांत वर्दी दिली — शेंगेची थायरॉइड काढणार! सकाळपासून फोन. कुणी म्हणतं गोळी उपाशीपोटी द्या, कुणी म्हणतं कोबी बंद करा. दात नसलेल्या पोरीचा कोबी बंद. धाकटीला सांगितलं, थायरॉइड गळ्यात, ही छातीच्या हाडामागे. तर म्हणते, "जवळजवळच आहेत की."

११ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन बसले. माझं शिक्षण बेताचं. जे काही येतं ते वसतिगृहात मुलींनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून आलेलं. पण एकदा डोक्यात किडा शिरला की मी ऐकत नाही.

मराठीत थायमसला काय म्हणतात? यौवनलोपी. तारुण्य आलं की लोपणारी. बाळपणी भरदार, मग हळूहळू सुकते, तिच्या जागी चरबी. पोर लहान आहे तोवर सगळी राबणूक करायची, आणि ती मोठी झाली की आपण आवरतं घ्यायचं. किती वेळ त्या शब्दाकडेच बघत बसले.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "तुझी नसणार लोपलेली. उघडून बघितलं तर अजून हजेरी घेत बसली असेल."

१२ फेब्रुवारी

शेंग आज हसली. नक्की हसली. जावई म्हणतो गॅस. त्याला काय कळतंय.

१६ फेब्रुवारी

आता जे कळलंय ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या धाकटीसारखं होईल.

हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यातल्या काही अगदी कच्च्या असताना या ग्रंथीत येतात, पहारेकरी व्हायला. इथे त्यांची पारख होते. आपल्याच घरची माणसं ओळखता येतात का? नाही येत — चल, बाद. घरच्याच माणसांच्या अंगावर धावून जातोस? तूही बाद. आलेल्यांतले बहुतेक इथेच संपतात. थोडेच बाहेर पडतात.

हे मला कुणी समजवायला नको. वसतिगृहाच्या फाटकावर मी किती वॉचमन ठेवले आणि काढले. एक होता, त्याला आमच्या मुलींचे चेहरेच लक्षात राहत नसत. शेजारच्या गल्लीतली कुणीही आत येई. दुसरा इतका कडक की रोजच्या मुलींनाच अडवी. दोघांनाही निरोप दिला. माझ्या हाताखाली टिकला तो एकच. यौवनलोपीबाई माझ्याहून कडक दिसतात. माझा त्यांना नमस्कार.

१७ फेब्रुवारी

कालचं अर्धं राहिलं, आणि राहिलं तेच मोठं. विषाणू हा व्हरांड्यात फिरणारा चोर नव्हे. तो सरळ एखाद्या पेशीत शिरतो आणि आतून कडी लावतो. मग बाहेरच्यांना दिसणार कसा? तर प्रत्येक पेशी आपल्या दारावर आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे टांगून ठेवते. हे पहारेकरी दारोदार ते वाचत फिरतात. परका तुकडा दिसला की ती खोलीच निकालात काढतात, चोरासकट.

आणि कमाल म्हणजे प्रत्येकाची नजर वेगळी घडवलेली. एकाला हा चोर ओळखू येतो, दुसऱ्याला तो. अजून जगात आलाच नाही अशा विषाणूला ओळखणारा एखादा पहारेकरीही शेंगेच्या अंगात आत्ता फिरत असेल! त्याला कुणी सांगितलं? कुणी नाही. इतके नाना तऱ्हेचे घडवून ठेवलेत की कुणी ना कुणी लागू पडावा.

मी आयुष्यभर देखण्या वस्तू पाहिल्या. ही मात्र डोळ्यांनी न पाहताच आवडली.

२० फेब्रुवारी

आणि ती काढणार.

जिवाचा हिय्या करून डॉक्टरीणबाईंकडे गेले. लेक म्हणत होती, आई, तू तिथे जाऊन शिकवू नकोस. शिकवायला नाही, मागायला गेले. म्हटलं, "कोपऱ्यातला एखादा तुकडा तरी ठेवा. तिला पुढे सर्दी-खोकला, गोवर, काय काय भेटायचंय."

हसल्या नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या. म्हणाल्या, "आजी, जमलं तर नक्की ठेवीन. पण एवढं घाबरू नका. बाळ पोटात असतानाच ती कामाला लागते. तुमच्या नातीचे पहारेकरी केव्हाच बाहेर पडलेत. ते वाढत राहतात."

केव्हाच बाहेर पडलेत. वाटेत दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. एका पोस्टमनने वळून बघितलं.

२६ फेब्रुवारी

धाकटीने शेंगेला टोपी विणून आणली. डोक्याला मोठी, यांच्या मुठीला बरोबर. म्हणाली, "वाढेल की पोर." मी टोपी घडी करून दवाखान्याच्या पिशवीत ठेवली.

३ मार्च

सकाळी नेली. लेक जिन्यावर बसून राहिली, मी तिच्या पाठीवर हात ठेवून. जावई खिडकीशी.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऑपरेशनच्या टोपीचा वळ कपाळावर तसाच. हृदय दुरुस्त झालं! भोक बुजवलं, नळी जागेवर आणली, ओठ गुलाबी. लेक त्यांच्या गळ्यातच पडली. मी त्यांचे हात धरले. केवढेसे हात, बोटं तर शाळकरी पोरीची. त्या हातांनी अक्रोडाएवढं हृदय शिवलं.

मग मी विचारलं, तुकडा ठेवता आला का?

त्यांनी मला खाली बसवलं. "आजी, मला काढावी लागलीच नाही. मी सगळीकडे पाहिलं. तिथे ती नव्हतीच."

४ मार्च

रक्त तपासायला गेलंय. कधी कधी ती वर गळ्याकडे दडलेली असते म्हणे.

६ मार्च

दडलेली नाही. रक्तात ते पहारेकरी जवळजवळ नाहीतच. कुणी बाहेर पडलंच नव्हतं.

हृदयाचं आणि या ग्रंथीचं दुखणं एकाच मुळातलं, पोटात घडतानाच राहून गेलेलं. शेंगेला काचेच्या खोलीत ठेवलंय. जिवंत जंतूंची लस द्यायची नाही, रक्त द्यायचं तर खास प्रक्रिया केलेलं. जावयाची ती साधी शिंक — ती आता तिच्या जिवावर बेतू शकते. तो बिचारा काचेजवळही जात नाही. लांबून हात हलवतो.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी दूरदेशीच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. जगात अगदी थोड्या ठिकाणी होतं, पण होतं. दुसऱ्या एखाद्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन होतं, तेव्हा त्याची यौवनलोपी वाटेतून काढावीच लागते. एरवी टाकूनच देतात. तीच जपून, काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवून, तिच्या पातळ चकत्या आमच्या शेंगेच्या मांडीत बसवायच्या. मांडीत! हे म्हणाले, "फाटक कुठेही असो, वॉचमन नेमल्याशी कारण."

त्या चकत्यांत शेंगेच्याच पेशी जाऊन शिकतील. बाहेर पडायला महिने लागतील. तोवर काच.

आता फक्त कुणाचं तरी बाळ हवं. आणि त्याच्या माणसांचं "हो".

१२ मार्च

त्या बाळाच्या आजीचा पत्ता ठाऊक नाही, म्हणून तिला इथेच लिहिते.

अहो आजी, कशा आहात? तुमच्या नातवाचं ऑपरेशन ठरलं असेल. वाटेतली ग्रंथी काढावी लागेल असं डॉक्टर सांगतील. तुम्ही म्हणाल, तुकडा तरी ठेवा. जरूर म्हणा. पण जे काढतील ते टाकू देऊ नका. आम्ही काचेशी बसलोय.

बाळाला जपा. आणि दोन ओळी धाडा, लवकर.