दोन सीटची गाडी आणि नारळाचा मान

तिसगाव
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सविता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडीचं नाक आता जोडता येणार नाही, असं काल नगरच्या फायबरवाल्याने स्पष्ट सांगितलं. आधी फोटो पाठवले होते, पण माझ्या समाधानासाठी तो स्वतः येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं असं की फुटलेले तुकडे असते तर त्यावरून आकार धरता आला असता. नुसत्या भोकाकडे बघून गोलाई काढता येत नाही. तुकडे कुठून आणू? दसऱ्याच्या गर्दीत झेंडूची फुलं, करवंट्या आणि माझ्या गाडीचं नाक, सगळं एकदमच कुणीतरी झाडून टाकलं असणार. मी दोन दिवस उकिरडा उपसला. शेजारच्या बन्सीने कुंपणावरून विचारलं, की दसऱ्याला वाटलेलं सोनं परत गोळा करताय काय.

तू समोरच होतीस, तरी लिहितो, कारण मनातून जात नाही. पूजा झाली, हार घातला, आणि दाजींनी नारळ उचलून थेट गाडीच्या तोंडावर हाणला. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या लोखंडावर नारळ फोडलेला हात तो. ही गाडी फायबरची. ट्रॅक्टरला ओरखडा येत नाही तिथे हिला खिडकी पडली.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका शेडमधून ही आणली तेव्हा सीटमध्ये उंदरांचा संसार होता. मोटार वाइंडिंगचं दुकान सांभाळून, रात्री-बेरात्री जागून मी हिची वायर न् वायर बदलली. वरच्या गळणाऱ्या कापडी हूडाला नवं रबर लावलं. क्लच प्लेटसाठी बेळगावपर्यंत जाऊन आलो. लोकांनी विचारलं, दोनच सीट, पोती कुठं ठेवायची? पण रविवारी पहाटे हूड उघडून करंजी घाट चढताना जे वाटतं ते पोत्यात मावत नाही, हे कुणाला सांगू?

आता अडचण अशी की गाडीला पंधरा वर्षं होतात. नोव्हेंबरात नोंदणी संपते, आणि नूतनीकरणाच्या पासिंगची तारीख ३० ऑक्टोबर मिळाली आहे. डावा दिवा त्या नाकातच बसतो. दिवा लोंबकळणारी गाडी कोण पास करील? बनवणारा कारखाना बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे नवं नाक मिळायचं नाही. पास झाली नाही तर ती रस्त्यावर काढता येणार नाही.

तुझ्या कानांचं काय झालं? डॉक्टरांकडे जाऊन ये. तुझी वहिनी आठवण काढते. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा,
कल्याण


पारनेर
१९ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दीड पान गाडीची ख्यालीखुशाली आणि माझ्या कानांना एक ओळ. कान आहेत तसेच आहेत. फोनवर निम्मं ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून तर हे कागद काळे करायचे. तेवढं चालू ठेव.

आता मी जे पाहिलं ते लिहिते. नारळ यांच्या हातात कुणी दिला? तू दिलास. आपल्याकडे वाहनाचा नारळ फोडायचा मान जावयाचा, म्हणून दिलास, ते बरोबर. पण देताना तुझं लक्ष कुठे होतं? पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवण्यात. वर यांना म्हणालास, की दाजी, जोरात होऊ द्या. मला ऐकू येत नाही, पण ओठ कळतात. फायबरचं नाव तू सगळ्या गावाला सांगितलंस, फक्त यांना सांगितलं नाहीस.

आणि मग सगळ्यांदेखत जे बोललास ते ओठांवरून वाचायची गरजच पडली नाही. "दाजी, ट्रॅक्टर आणि गाडी यातला फरक कळत नाही का तुम्हाला?" नंतर पुरणपोळीचं ताट वाढलं. हे न जेवताच हात धुऊन उठले. पारनेर येईपर्यंत एसटीत प्रसादाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी घ्यायला गेले तर देईनात.

तेव्हापासून माणूस बदललाय. परवा वस्तीवर नव्या बोअरला मोटार बसवली. लोकांनी रीतीप्रमाणे नारळ यांच्यापुढे केला. यांनी हात मागे घेतले आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाले. वस्तीत गेली पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणी नारळ फोडलेला नाही, दादा. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुपारची धार काढली की हे बाहेर पडतात. कुठे जातात सांगत नाहीत. अंधार पडताना येतात ते डोक्यावर, भुवयांवर पांढरी पावडर घेऊन. हात सारखे खाजवतात. विचारलं तर काम होतं एवढंच. या वयात कुणाच्या भट्टीवर राबतात की काय, काही कळत नाही.

मला एवढंच सांग, भाऊबीजेला तू येणार की नाही? तू आला नाहीस तर हे म्हणतील माझ्यामुळे. आलास आणि अबोला धरलास तर त्याहून वाईट. मी ताट घेऊन नेमकं कुठे उभं राहायचं?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी बहीण,
सविता


तिसगाव
२३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सविता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने आधी वाचलं आणि नारळाच्या ओळीवर बोट ठेवून माझ्या हातात दिलं. यावरून मला काय ते कळलं. नारळ मी दिला, हे खरं. जोरात म्हणालो, तेही खरं. दाजींना दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. उचलला असता तर मी काय बोललो असतो, हे मलाही ठाऊक नाही. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाशी तासभर बोलू शकतो, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही निघत नाहीत.

गाडीचं मात्र ठरल्यासारखं आहे. पुण्याचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो. इंजिन, डॅशबोर्ड, दारं, सगळं सुटं करून विकतो. अशाच मॉडेलवाल्यांना सुटे भाग मिळत नाहीत, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक आहे. पाडव्याला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. गाडी अख्खी उभी राहणार नसेल तर तिच्या तुकड्यांवर बाकीच्या चार चालतील, असं तो म्हणतो. बोलतो चांगलं.

काल रविवार नव्हता तरी मी पहाटे कव्हर काढलं. सुरू केली. अर्ध्या चावीत सुरू झाली. अंगणातच बसून राहिलो. समोर तो तुटका दिवा तारेवर हलत होता. तुझी वहिनी चहा घेऊन आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. तिचं म्हणणं, विकायचीच असेल तर निदान एकदा घाटापर्यंत तरी न्यायचं होतंत मला. आम्ही तिथेच बसून चहा प्यालो.

भाऊबीजेला मी येईन. कसा येईन ते ठाऊक नाही, बहुतेक एसटीने. दाजी कसल्या पावडरीत काम करतात ते नीट विचार. त्यांच्या हाताला खोबरेल लाव, आणि ते नारळाचंच आहे हे सांगू नकोस.

तुझ्या दारात माझी जागा राखून ठेव.

कल्याणदादा


पारनेर
ता. २६ ऑक्टोबर

कल्याण पाव्हणं यांना कानिफनाथचा रामराम.

पत्र लिहायची मला सवय न्हाई. सोसायटीच्या कागदावर सही सोडून मी कायबी लिहीत न्हाई. पन तुमचे दोन फोन आले ते मी उचलले न्हाईत, म्हनून लिहितो. चुकलंमाकलं संबाळून घ्या.

नारळ फुटला तवा आवाज येगळा आला. डोळ्यानं बगायच्या आदीच हाताला कळलं की काईतरी वंगाळ झालंय. तुमी बोलला ते समद्यांनी ऐकलं. पन तुमी बोलत हुता तवा मी खाली बसून तुकडे येचत हुतो, ते कुनी बगितलं न्हाई. फुलात, करवंट्यात जेवडे गावले तेवडे उपरन्यात बांधले अन् परसादाच्या पिशवीत खोबऱ्याखाली ठिवले. म्हनून सविताला पिशवी दिली न्हाई. तुमी उकिरडा उपसला हे तिनं पत्र वाचून दाखवलं तवा लई वाईट वाटलं. पन तवा सांगितलं न्हाई. जुळलं न्हाई तर दुसऱ्यांदा मान खाली घालायची, असं वाटलं.

आमच्या हितं रज्जाकभाई म्हनून हाय. लग्नाच्या मांडवाला फायबरचे हत्ती, मोर, कमानी करतो. माझ्या पोरीच्या लग्नातले हत्ती त्याचेच हुते. त्याच्यापुढं उपरनं सोडलं. त्यो लई हसला. म्हनला, हत्तीच्या सोंडा शेकड्यानं केल्या, गाडीचं नाक ह्या जल्मात पयल्यांदाच. मग मातर गप बसून जुळवायला लागला. सविताच्या मोबाईलमदी दसऱ्याचे फोटो हुते, नारळ फुटायच्या आदीचे. ते तिला न सांगता मी त्याला दिले. दोन तुकडे कमी पडले, ते त्यानं फोटोवरून भरले. घासायचं काम माझं. ती पावडर तीच. अंगाला लई खाज सुटती, पन काम गुळगुळीत झालंय. तुमी हात फिरवून बगा.

भाईरून लाल रंग बराबर मिळालाय. आतल्या अंगाला मोरपंखी हाय, कारन त्याच्याकडं मोराचा माल उरला हुता. बॉनेट उगडल्याबिगर दिसत न्हाई.

रज्जाकभाई सोमवारी पाथर्डीला कमान पोचवायला टेम्पो घेऊन येतोय. जाताना तुमच्याकडं उतरून सोता बशिवतो म्हनलाय. हे पत्र त्याच्याकडंच देतो. मी येत न्हाई. आदी बसतंय का ते बगा.

गाडी इकू नका. तुमी रविवारी घाटात जाता तवा सविता हितं समद्यांना सांगती, माझा भाऊ आत्ता घाटात आसंल. तिला ऐकू येत न्हाई, पन त्या गाडीचा आवाज ठावं हाय म्हनती.

एक मागनं हाय. हितून फुडं नारळ माज्या हातात देऊ नका. मान ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.

वहिनींना रामराम. मनात काई ठिवू नका.

तुमचा,
कानिफनाथ


तिसगाव
३० ऑक्टोबर २०२४

ती. दाजी यांस कल्याणचा सा. न. आणि चि. सौ. सवितास आशीर्वाद.

गाडी पास झाली. इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतः दिवे लावून, ब्रेक दाबून, समोर वाकून बघितलं आणि सही केली. आणखी पाच वर्षं ती रस्त्यावर राहील. पोस्टाला आता दिवाळीच्या सुट्ट्या लागतील, म्हणून हे पत्र पारनेर मार्केटला कांदा घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याकडे देतो.

रज्जाकभाई सोमवारी आले. नाक पोत्यात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते, टेम्पो दुसऱ्याला चालवायला दिला होता. बसवायला दोन तास लागले. शेवटचा बोल्ट घट्ट झाला तसा दिवा सरळ उभा राहिला, आणि मला समोर काही दिसेना झालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे हात फिरवला, दाजी. कुठे फुटलं होतं ते मला, सहा वर्षं ही गाडी पुसणाऱ्याला, सापडलं नाही. नगरचा फायबरवाला बघायला आला तर तोही बराच वेळ बोटं फिरवत होता. मग त्याने रज्जाकभाईंचा नंबर घेतला.

इन्स्पेक्टरसाहेबांनी इंजिन नंबर बघायला बॉनेट उघडलं तेव्हा आतला मोरपंखी रंग बघून थबकले. ही काय नवी फॅशन, असं विचारलं. मी म्हणालो, आमच्या दाजींकडचं काम आहे. ते म्हणाले, ठीक आहे.

पुण्याच्या माणसाला फोन करून टेम्पो आणू नका म्हणून सांगितलं. तो नाराज झाला नाही. दाजींच्या ओळखीच्या कारागिराचा पत्ता मात्र मागितला. अशाच मॉडेलची दोन नाकं त्याच्याकडे फुटून पडली आहेत म्हणे. ती काय नारळानेच फुटली का, हे मी विचारलं नाही.

आता दसऱ्याचं. दाजी, मी चारचौघांत बोललो, म्हणून त्याचं उत्तरही चारचौघांतच दिलं पाहिजे, पत्रात नाही. रविवारी भाऊबीज आहे. रविवार हा माझा घाटाचा वारच. पहाटे निघतो, हूड उघडून. शेजारी तुमच्या वहिनी, त्यांनी आत्ताच डोक्याला बांधायचा रुमाल काढून ठेवलाय. करंजी घाट, नगर, भाळवणी, आणि नाश्त्याच्या सुमारास तुमच्या दारात. सविता, आवाज आला की बाहेर ये. ओवाळणीचं ताट बॉनेटवर ठेवू नकोस, एवढं बंधन पाळ. ओवाळून झाल्यावर तुझी वहिनी उतरेल आणि तू बसशील. तुला वस्तीपर्यंत फिरवून आणतो.

दाजी, तुमचं मागणं मात्र मला मान्य नाही. पासिंग झाल्यावर गाडीला नारळ फोडायची आपली रीत आहे, आणि तो अजून फुटलेला नाही. नगरच्या ऑफिसबाहेर नारळवाला मागे लागला होता, तरी मी फोडला नाही. नारळ मी सीटमागे ठेवून आणतो, सोललेला. वस्तीवरच्या माणसांना बोलावून ठेवा, त्या बोअरच्या दिवशी जे हजर होते ते सगळे. तुमच्या दारात धुणं धुवायचा काळा दगड आहे, त्यावर फोडायचा. फोडणार तुम्हीच. मी तुमच्या हातात देईन आणि त्याच शब्दांत सांगेन, की दाजी, जोरात होऊ द्या.

गाडी मी दगडापासून वीस हात लांब उभी करीन.

तुमचा,
कल्याण