तुळस वाटून खाणाऱ्यांच्या गावात

प्रिय आत्याबाई,

काल जेनोवाहून कार्ड आलं. तेरेसा जिवंत आहे!

लढाई सुरू होती तेवढी वर्षं आमचे हे वर्तमानपत्र उघडून बसले की तुम्ही विचारायच्या, "काय रे आत्माराम, तिच्या गावावर बाँब तं नाई पडला?" पडले होते, चांगले पुष्कळ पडले होते. हे पान उलटायचे आणि "नाही" म्हणायचे. तुम्हाला ते खरं वाटायचं का हो? कार्ड तिच्या मुलानं लिहिलंय. घराचं छप्पर गेलं, पण माणसं सगळी सुखरूप आहेत. डोंगरावरचे भाजीचे वाफे पुन्हा धरलेत. आणि खाली तुमच्याबद्दल विचारलंय, "आमची सिन्योरा भागीरथी कशी आहे?"

आता तिला उत्तर लिहायला हवं. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, हे कळवायला हवं. त्यासाठीच बसले, पण टाक हातात घेतल्यावर आधी तुमच्याशीच बोलावंसं वाटलं.

सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीत. मी मेहकरच्या शाळामास्तरांची मॅट्रिक झालेली मुलगी, देऊळघाटच्या माळ्याच्या घरी सून म्हणून आले. तेव्हा बाया म्हणाल्या होत्या, "शिकेल सून हाय, निंदाले नाई येणार." तुम्ही दुसऱ्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात तण काढायला माझ्या हातात विळा दिलात आणि स्वतः बाजूला बसून म्हणालात, "आता सांग, त्या बुकात काय काय असते?" आठवतं?

हे खामगावला कापसाच्या एका इटालियन पेढीत कारकून होते. पेढीनं त्यांना जेनोवाच्या कचेरीत पाठवायचं ठरवलं, बिऱ्हाडासकट. भावकीनं कपाळावर हात मारून घेतला. म्हातारीचं काय? मळ्याचं काय? तुम्ही मळा शेजारच्या सकीनाबींच्या घरी बटाईनं कसायला दिलात, मेथी, कोथिंबीर आणि मिरचीचं बी लुगड्याच्या पदरात बांधलंत आणि म्हणालात, "मी काय इथं भुतावाणी एकटी राहू? मीबी येतो." बोट सगळ्यांना लागली, तुम्हाला नाही! मी आडवी पडलेली आणि तुम्ही कठड्याशी उभ्या राहून विचारताय, "एवढं पाणी हाय, अन् यातल्या थेंबानं वाफा भिजत नाई व माय?"

जेनोवा म्हणजे चढच चढ. समुद्रातून उठून घरं थेट डोंगरावर चढलेली. पहिल्या आठवड्यात तुम्ही खालच्या गल्लीतून धावत वर आलात. दम लागलेला, डोळे मोठे. "कावेरी! अवं, हे लोकं तुळस वाटून खाऊन राह्यले!"

मी बघायला गेले, तर खरंच! दारात बसून एक बाई दगडी खलात हिरवीगार पानं कुटत होती. वास थेट आपल्या वृंदावनाचा, जरा गोडसर. ती तेरेसा. भाजी पिकवायची आणि गल्लीत विकायची. तुम्ही तिला हात जोडून दाखवलंत की ह्याची पूजा करायची असते. तिनं पोट चोळून दाखवलं की हे खायचं असतं. मग दोघी अशा काही हसलात की वरच्या खिडक्या उघडल्या. पुढं ती तुमच्यासमोर खल काढायची नाही. आणि तुम्ही एक दिवस आपणहून तिला म्हणालात, "कुट बापा, कुट. तुह्या देवाले चालते तं माह्या देवालेबी चालीन."

दुपारभर घरात करायचं काय, म्हणून मी भाषा शिकायला लागले. पेढीच्या मालकीणबाईंनी शब्द टाकला आणि वर्षा-दीड वर्षानं मला तिथल्या विद्यापीठात घेतलं. विषय साहित्य, अठराव्या शतकापासून पुढचं. हे म्हणाले, "इटालियन वाङ्मय शिकून बुलढाण्यात काय करणार आहेस?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "तिले जाऊ दे. करन काहीतरी."

घरी आले की तुम्ही विचारायच्या, "आज काय शिकवलं?" आणि मला चुलीपाशी बसून सगळं सांगावं लागायचं. किती बरं व्हायचं त्यानं! जे तुम्हाला सांगता यायचं नाही, ते मलाच कळलेलं नसायचं. शंभर वर्षांपूर्वीचे कवी मी तुम्हाला सांगितले. देशाचे तुकडे झालेले, वर परक्यांचं राज्य, कोणी तुरुंगात, कोणी परागंदा, आणि तरी लिहीत राहिलेले.

"म्हंजे आपल्यावाणीच?"

"हो, तसंच म्हणायचं."

"मंग? गेले का ते परके?"

"गेले."

"तं आपलेबी जातीन," असं म्हणून तुम्ही वरण उतरवलंत. रस्त्यावर तिथल्या हुकूमशहाची काळे सदरे घातलेली पोरं पाय आपटत कवायत करायची, त्यांच्याकडे मात्र तुम्ही नाक मुरडून बघायच्या. "यायले घरी काई काम नाई का?"

सगळ्यात जास्त रंगायची ती व्हेनिसकडची जुनी प्रहसनं. आमचे प्राध्यापक म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, ती वाचताना स्वतःच हसून डोळे पुसायचे. त्या नाटकांतल्या गल्लीतल्या बाया गल्लीतल्याच बोलीत भांडतात. मला ग्रंथांतलं इटालियन यायचं, ती बोली कुठली समजायला? कोश उघडून बसायचे आणि रडकुंडीला यायचे. आणि खाली ओट्यावर तुम्ही अन् तेरेसा, एक वऱ्हाडीत, एक जेनोवाच्या बोलीत, तासन् तास गप्पा मारताय! "तुम्हाला काय कळतं हो तिचं?" मी चिडून विचारलं होतं. "सारं कुठं कळते? तिच्या सुनेचं सांगून राह्यली होती. तेवढं तं कळतेच." माझ्या तोंडावर सांगत होतात!

सुमनचा जन्म तिथलाच. तेरेसानं गरम पाणी केलं, तुम्ही नाळ कापलीत. मला वाटलं, झालं आता शिक्षण. बाराव्या दिवशी तुम्ही पुस्तक माझ्या उशाशी आणून ठेवलंत. उलटं ठेवलं होतंत, पण बरोबर तेच!

मग कापसाचा भाव पडला. पेढीनं जेनोवाची कचेरी बंद केली आणि ह्यांना खामगावला परत बोलावलं. माझा प्रबंध अर्धा झालेला, शेवटची तोंडी परीक्षा व्हायची. हे म्हणाले, "आपण सगळेच निघू. एवढं झालं ते काय कमी झालं?" मी सामान बांधायला लागले होते. खरंच सांगते, मनातून सोडून दिलं होतं. तुम्ही ट्रंकेतून माझी पुस्तकं एकेक बाहेर काढलीत.

"तू जाय, आत्माराम. आमी मांगून येतो."

"आई, परक्या मुलुखात तुम्ही तिघी बायका? कोण आहे तुम्हाला इथं?"

"तेरेसा हाय नं."

मला तो क्षण नीट आठवतो. हे खिडकीपाशी उभे होते. तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. "बरं," म्हणाले. माणूस चांगला आहे हो तुमचा मुलगा. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, बघा.

त्या महिन्यांत मी लिहीत बसायचे आणि तुम्ही सुमनला पाठीशी बांधून तेरेसाच्या वाफ्यांवर जायच्या. आपली मेथी तिच्या डोंगरावर उगवली, तेरेसा आधी नाक मुरडायची, मग तीच मागायला लागली! पण तिनं एक गोष्ट मला फार उशिरा सांगितली, अगदी निघायच्या दिवशी. तुम्ही रोज संध्याकाळी वरच्या वाफ्यावर उभ्या राहून समुद्राकडे तोंड करून बोलायच्या म्हणे. काय बोलायच्या ते तिला समजलं नाही, फक्त "देऊळघाट" एवढा शब्द तिच्या लक्षात राहिला होता. आत्याबाई, मला का नाही सांगितलंत? मळ्याची आठवण येते, एवढं म्हणायला काय झालं होतं? मी चार पानं कमी लिहिली असती!

परीक्षेच्या दिवशी तुम्ही बरोबर आलात. सुमन अंगावर पीत होती, तिला घरी ठेवता येईना. विद्यापीठाच्या चौकात जिन्यावर दोन मोठे दगडी सिंह आहेत, त्यातल्या एकाच्या पायाशी तुम्ही हिरवं लुगडं सावरून बसलात. पहारेकरी उठवायला आला, तर त्यालाच म्हणालात, "बस बे, तूबी बस." तो बसला नाही, पण गेला.

आत लांब टेबल, काळे झगे घातलेले प्राध्यापक. मी त्या प्रहसनांतल्या बोलीवर बोलत होते, पाठ केलेलं, घाबरत घाबरत. तेवढ्यात बाहेर सुमननं टाहो फोडला. आणि तिच्या मागोमाग तुमचा आवाज, चौकभर घुमणारा, "उगी व माय, उगी! तुही माय मोठ्या मोठ्या लोकायसंग बोलून राह्यली, उगी!"

सगळे थांबले. मिशीवाल्या म्हाताऱ्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाहेर कोण बोलतंय?"

"माझी सासू. ती बाळाला समजावतेय."

"ही तुमची भाषा?"

"आमच्या भागातली बोली, सर. आमच्याकडचे शहाणे लोक तिला हसतात."

"मग ह्या बोलीत रंगभूमीवर माणसं उभी राहतील का? तुमचं मत सांगा. पुस्तकातलं नको."

पाठ केलेलं सगळं गळून पडलं. मी बोलायला लागले. तुम्ही आणि तेरेसा कशा भांडायच्या आणि कशा हसायच्या, "नाई" म्हणताना तुम्ही किती परींनी म्हणता, हे सांगितलं. तुमचं एक वाक्य ग्रांथिक मराठीत केलं की त्यातलं काय काय मरतं, तेही सांगितलं. किती वेळ बोलले कोण जाणे. थांबले तेव्हा ते म्हातारे डोळे पुसत होते, वर्गात पुसायचे तसेच.

बाहेर आले. पास झाले होते, चांगली पास झाले होते! तुम्हाला मिठी मारली. तुम्ही म्हणालात, "झालं? मंग चाल आता, भूक लागली."

एवढंच! मला तेव्हा रागच आला होता. बोटीवर, परत येताना, शेवटी मी विचारलं, "आत्याबाई, मी काय शिकले ते तुम्हाला तरी काय माहीत? मग एवढं कशापायी केलंत?" तुम्ही सुमनच्या केसांना तेल लावत होतात. "तुह्या बुकात काय हाय ते मले नाई समजत. पण वाचून उठली का तुह्या तोंडावर जे असे नं, ते पाह्यले मले बरं वाटे."

इकडे आल्यावर ह्यांचा प्रश्न खराच ठरला. बुलढाण्यात इटालियन कोणाला हवं होतं? मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि सुखानं शिकवला. पण संध्याकाळी मळ्यात तुम्ही खाटेवर बसायच्या, सकीनाबी यायच्या, भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया यायच्या, आणि मी ते प्रहसन हातात धरून इटालियन वाचत वाचत तोंडानं वऱ्हाडी बोलत जायचे. काय हसायचो आपण! नवऱ्याचं भांडण आलं की सकीनाबी म्हणायच्या, "ये तो मेरेच घर का किस्सा है, बाई!" तुम्ही मध्येच अडवायच्या, "असं नाई बोलणार ती. ती म्हणन, काऊन रे, तुले लाज नाई का?" आणि मी तसंच लिहून घ्यायचे.

ते सगळं आता पूर्ण झालंय, आत्याबाई. तुम्ही गेल्यावर सहा महिने मी त्याला हात लावला नव्हता. मग एक दिवस बसले आणि हसत हसत संपवलं. पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवलं. त्यांना नाटक फार आवडलं. फक्त म्हणतात, भाषा गावंढळ आहे, शुद्ध करून द्या, लगेच छापतो. ह्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "नाई." कुठल्या परीनं म्हटलं ते त्यांना बरोबर कळलं!

आता ते खामगावच्या एका लहानशा छापखान्यानं छापायला घेतलंय. पहिली मुद्रितं आजच आलीत, सुमन मोठ्यानं वाचते आणि मी तपासते. खिळे जुळवणारा जुळारी बिचारा सवयीनं "मले"चं "मला" करून ठेवतो. प्रत्येक ठिकाणी मी ते पुन्हा "मले" करीन. पुस्तक पुरं होईपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या पुस्तकातही, तुमचं बोलणं मी कोणाला सुधारू देणार नाही. हा शब्द देते.

तुमची सून,
कावेरी