तीनपानी यामचं पृथक्करण

३ ऑगस्ट
उलोमा माहेरी जाऊन चाळीस दिवस झाले. कारण कळलेलं नाही. बहुधा सासूबाईंचे गुडघे. याम म्हणजे आमचा भाकरीच्या जागचा कंद; नव्या यामच्या सणाला जावयाने सासऱ्यांकडे याम न्यायचे असतात. याम देऊन बायकोला घेऊन यायचं. ठरलं.

५ ऑगस्ट
साडू दरवर्षी पांढरे याम नेतो, मांडीएवढे. नुसता स्टार्च. पांढऱ्यात प्रथिनं साडेपाच टक्के, वेलाला तीन-तीन पानं येणाऱ्या तीनपानी पिवळ्यात साडेनऊ. सासऱ्यांना शुगर आहे. एवढा विचार करणारा जावई अख्ख्या ओवेर्री शहरात दुसरा नसेल.

७ ऑगस्ट, सकाळ
तीनपानीचे वीस कंद खणून आणले. पण पृथक्करणाच्या तक्त्याशिवाय भेट देणं मला शोभत नाही. एरवी सोलणं, उकडणं, वजनं टिपणं उलोमा करायची. आठ वर्षं, हौसेने. एकदा म्हणाली, लेखावर माझं नाव का नसतं. मी म्हटलं, स्वयंपाकाला कोणी सहलेखक करतं का. मी हसलो. ती दमली असावी.

९ ऑगस्ट
वीज नाही. लॅबचा ओव्हन बंद, कंद वाळवून आर्द्रता मोजता येत नाही. घाई नाही, कंद कुठे पळतात.

१२ ऑगस्ट
सण. तक्ता लॅमिनेट करून नेला. सासूबाईंनी कंद उकडायला घातले. तीन तास झाले तरी सुरी शिरेना. सगळ्यांनी साडूचा याम पामतेलात बुडवून खाल्ला. साडू म्हणाला, डॉक्टरसाहेब, हे घराच्या पायात घालू का.
सासरे निवृत्त हेडमास्तर. आतून माझाच जुना लेख घेऊन आले, चष्मा लावून वाचला: तीनपानी खणल्या दिवशीच शिजवावा, दुसऱ्या दिवशी दगड होतो. म्हणाले, जावईबापू, तुम्हीच लिहिलंय ना हे?
चुलीपाशी उभी असलेली उलोमा म्हणाली, बाबा, तो भाग त्यांचा नाही. रागावलीसुद्धा नाही. तेच लागलं.

१३ ऑगस्ट
एकटाच परतलो. जुनी वही उघडली. तिचं अक्षर: तीनपानी आजच शिजवा. चव जरा कडवट. यांना सांगितलं, तर म्हणतात चवीला रकाना नाही.

१५ ऑगस्ट
पुढच्या लेखात तिचं नाव घालायचं ठरवलं. शेवटी, आभारात, टायपिस्टच्या खाली. आनंदाची बातमी म्हणून फोन केला. सासऱ्यांनी घेतला. म्हणाले, तिचं सामान न्यायला शनिवारी माणसं येतील. कपडे, शिलाई मशीन आणि आठही वह्या.
वह्या गेल्यावर माझ्याकडे तक्ता राहील. त्यातले आर्द्रतेचे आकडे मी तिच्याच वहीतून उतरवले होते.