उलट्या पिना

भूमिका,

काल बोर्ड जोडताना दिवसभर तुझं ‘सुपडूकाका, सुपडूकाका’ चाललं होतं. मी सल्ला द्यायला वाकलो, तर तो रेडिओ दुरुस्त करणारा सुपडू म्हणाला, “भाऊ, हाई तुमनं काम नही.” त्यावर तू हसलीस. माझ्या विनोदी लेखांना एवढी कधी हसली नव्हतीस.

म्हणून मिरचीची ओल मोजणाऱ्या तुझ्या बोर्डाच्या पिना आज मीच सोल्डर केल्या. छान चमकतात. फक्त उलट्या बाजूने लागल्या. बोर्ड आता खालच्या बोर्डावर बसत नाही, झुरळासारखा पाय वर करून पडलाय.

उद्या तुझं प्रदर्शन. सुपडू पुरुषोत्तमनगरला मुलीकडे गेलाय, त्याला आणायला निघालोय. बोर्ड बघून तो हसेल. तूही खुशाल हस. पण हा विनोद माझा आहे, त्याचा नाही.

आबा